विल्फ बकलीची नळाची तबकडी

इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या आमच्या थॉर्नक्लो गावात ‘बँड’ म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. निळ्या कोटांचा, पितळी वाद्यांचा, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत सराव करणारा. बाकी जगात जे वाजतं त्याला आमच्याकडे नुसतं ‘गाणी’ म्हणतात. या बँडचा मास्तर विल्फ बकली माझा शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत, आणि तीही फारशी जाड नाही, म्हणून या हकिगतीतलं बरंचसं मला न विचारताच कळलं.

विल्फ आधी सूतगिरणीत मेकॅनिक होता, गिरणी बंद पडल्यावर ऑल्डहॅमच्या बस डेपोत. पण ही त्याची पोटापाण्याची कामं. कुणी विचारलं तर तो सांगायचा, मी कॉर्नेट वाजवतो, म्हणजे ट्रम्पेटचं आखूड भावंड. आणि पस्तिशीनंतर सांगायचा, मी बँड चालवतो. शर्टाच्या खिशात सूर लावायचा दोन पायांचा लोखंडी काटा असायचा. तो गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा आणि मग जगाबद्दल मत द्यायचा. माझ्या स्वयंपाकघरात चहाला बसला की म्हणायचा, “मिसेस के., तुमच्या किटलीची शिट्टी उतरलीय.” खांबेटे हे आडनाव त्याच्या तोंडात तीस वर्षांत बसलं नाही. मीही फार आग्रह धरला नाही.

त्याचा मुलगा रसेल दहाव्या वर्षी माझ्या वर्गात होता. गणितात बेताचा, पण फळ्याकडे बघताना बाकाखाली बोटांवर काहीतरी मोजत असायचा. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, “मिस, माझी चौदा मात्रांची विश्रांती चाललीय.” बँडमध्ये ज्याला थांबायचं असतं त्याला थांबलेल्या मात्राही मोजाव्या लागतात, हे मला तेव्हा कळलं. बाराव्या वर्षी तो मोठ्यांच्या रांगेत बसला, सोळाव्या वर्षी मुख्य कॉर्नेट झाला. विल्फ त्याचं कौतुक कधी करायचा नाही. पण रसेलचा तुकडा आला की बँडमास्तराची काठी धरलेला हात जरा खाली यायचा, जणू याला काही सांगायची गरज नाही. गावाला तेवढ्यावरून समजायचं.

मग मँचेस्टरहून ‘सेकंड शिफ्ट’ आले. चार पोरं, एक ड्रम वाजवणारं यंत्र, दोन-तीन विजेवर चालणारे पियानोसारखे डबे. रसेल पहिल्यांदा त्यांना ऐकून आला आणि आठवडाभर जेवताना बोटांनी टेबलावर एकच ताल वाजवत राहिला. त्यांच्या तबकड्यांची एक गंमत होती. कव्हरावर ना बँडचं नाव, ना गाण्यांची नावं. नुसतं एक चित्र. पहिलीवर करड्या रंगाचा जिना, दुसरीवर रिकाम्या फळ्या, तिसरीवर पितळी नळ. मधल्या गोल कागदावरही एक अक्षर नसायचं. दुकानात ज्याला माहीत त्यालाच माहीत. रसेलला ते फार भारी वाटायचं. विल्फ म्हणायचा, “सेकंड शिफ्ट! यांच्यातल्या एकानंही आयुष्यात एक पाळी भरली नसेल. आणि नाव छापायची लाज वाटते, हे बाकी बरं आहे.”

हे सगळं थट्टेत चाललं होतं तोवर ठीक होतं. पण १९८६च्या मे महिन्यात व्हिट फ्रायडेच्या सकाळी भिंतीपलीकडे आवाज चढले. व्हिट फ्रायडे म्हणजे आमच्या डोंगरातल्या सगळ्या बँडांची स्पर्धा, गावागावांतून मिरवत जाऊन वाजवायचं. वर्षभर सराव करायचा तो याच दिवसासाठी. आणि त्याच संध्याकाळी मँचेस्टरला सेकंड शिफ्टचा कार्यक्रम होता.

विल्फ म्हणाला, ज्यात कुणाला श्वास घ्यावा लागत नाही तो बँड कसला.

रसेल म्हणाला, “आणि तुमच्या बँडमध्ये श्वास घ्यायचा तर आधी तुमची परवानगी लागते.”

हे वाक्य मी भिंतीतून स्वच्छ ऐकलं. त्यानंतर दार वाजलं. संध्याकाळी बँड एका कॉर्नेटविना उभा राहिला. परीक्षकाच्या कागदावर ‘मुख्य सूर क्षीण’ असा शेरा आला. तो कागद विल्फनं घडी घालून खिशात ठेवला.

रसेल पुढे पूर्व किनाऱ्यावरच्या हल या बंदराच्या शहरी गेला, तिथल्या गोदीत जहाजांवर विजेचं काम करू लागला. त्याची आई आयरीन दर रविवारी फोन करायची, आणि त्या वेळी विल्फला हमखास बागेतल्या पातीच्या कांद्यांची काळजी वाटायची. चार वर्षांनी आयरीन गेली. अंत्यविधीला बापलेकांनी हस्तांदोलन केलं, ओळख करून दिल्यासारखं. नंतर दर नाताळला एक कार्ड यायचं, खाली रसेलचा फोन नंबर लिहिलेला. विल्फ ते कार्ड घड्याळामागे ठेवायचा. नवं आलं की जुनं काढायचा. नंबर कधी फिरवला नाही.

आयरीन गेली त्या वर्षीच्या हिवाळ्यात माझ्या भिंतीतून काहीतरी ऐकू येऊ लागलं. मला आधी वाटलं, त्यांचं कपडे धुवायचं यंत्र बिघडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रसेलनं खोलीत मागे ठेवलेल्या तीन तबकड्या विल्फ ओळीनं ऐकत होता. सकाळी दहाला, चहा झाल्यावर, नेमानं, जसा एखादा माणूस परकी भाषा शिकायला बसतो.

मी काही विचारलं नाही. तोच एक दिवस कुंपणापाशी म्हणाला, “मिसेस के., जिना ठीक आहे. फळ्या मला समजत नाहीत. पण नळात काहीतरी आहे.” नळाच्या तबकडीत त्याला दुसराच गायक वाटायचा, जाड आवाजाचा, चर्चच्या मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांसारखा. पण एक तक्रार होती. पोरांना सूर लावता येत नाही. काटा गुडघ्यावर आपटून तो मला दाखवायचा: “बघा, सगळं केसभर खाली आहे. एवढं चांगलं लिहून ठेवायचं आणि वाद्यं जुळवायची नाहीत.”

सेकंड शिफ्टची चौथी तबकडी निघाली तेव्हा विल्फ ऑल्डहॅमला जाऊन स्वतः घेऊन आला. रसेलचा संच अपुरा राहायला नको, एवढंच कारण त्यानं सांगितलं. दुकानातल्या मुलीपाशी नाव घ्यायची त्याला लाज वाटत होती. “ते नाव छापत नाहीत ते” असं म्हणाला. ती म्हणाली, “आजोबा, नाचायला नेताय का?” विल्फ म्हणाला, “नाही, घरातल्यासाठी.” घरात तेव्हा तो एकटाच होता. पाचवी तबकडी त्यानं सांगून मागवली. त्यानंतर सेकंड शिफ्ट मोडलं, आणि हे वर्तमानपत्रात वाचून तो मला म्हणाला, “चाळीशी यायच्या आत थांबले. आमच्यात तेव्हा कुठे सुरात येतात.”

पंचाहत्तरीला आल्यावर विल्फनं जाहीर केलं की मे महिन्यातला कार्यक्रम आपला शेवटचा, त्यानंतर काठी दुसऱ्याच्या हाती. शेवटची धून आपण स्वतः बसवलेली असेल, हेही त्यानं सांगितलं. कसली ते सांगितलं नाही. सबंध हिवाळा तो स्वयंपाकघराच्या टेबलावर शाईनं प्रत्येक वाद्याचे कागद लिहीत बसला. मार्चमध्ये सरावाला कागद वाटले. कागदांवर नाव नव्हतं. वरच्या कोपऱ्यात फक्त एक छोटा नळ काढला होता.

मला त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, कारण कुणाला तरी सांगायला हवं होतं. “पोराशी बोलता येईल असं माझ्याकडे काही नाही, मिसेस के. पण त्याचं मी ऐकलंय, हे त्याला कळलं पाहिजे. कागदावर लिहून पाठवलं तर तो म्हणेल, आता सुचतंय. वाजवून दाखवलं तर नाही म्हणता येणार नाही.” कार्यक्रमाचं पत्र हल शहरी पाठवायचं काम त्यानं जनीनवर सोपवलं. जनीन हेस्केथ आमची टपालवाली, बँडमध्ये युफोनियम हे जाड आवाजाचं मोठं पितळी वाद्य वाजवते, आणि रसेलच्याच वर्गातली, म्हणजे माझ्याच. तिनं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही.

धून फार संथ होती. ट्रॉम्बोनवाल्या डेरेकनं पहिल्याच दिवशी विचारलं की विल्फ, हे कुणाच्या मातीला वाजवायचंय. विल्फ म्हणाला, ही नाचायची धून आहे. डेरेक म्हणाला, मग नाचणारे कशानं गेले ते तरी सांग. सगळे हसले, विल्फही हसला. पण तीन-चार सरावांनंतर कुणी हसेना. मी मागे खुर्चीवर विणकाम घेऊन बसायचे. खालच्या वाद्यांवर एक ओळ हळूहळू चढत जायची, आणि तिच्यावर कॉर्नेट असं यायचं की माझ्या सुया थांबायच्या.

कार्यक्रमाला दहा दिवस राहिले असताना जनीन टपालाची पिशवी घेऊनच माझ्या दारात उभी राहिली. पत्र वगैरे काही नव्हतं.

“मिस, काल चहाच्या सुट्टीत मी माझी ओळ उगाच भरभर वाजवली. गंमत म्हणून. तर माझ्या पायांना आधी कळलं, मग मला.” तिनं दाराबाहेरच पायांनी करून दाखवलं. “अहो, या गाण्यावर मी एकोणीस वर्षांची असताना घाम गळेपर्यंत नाचलेय. रसेलबरोबर नाचलेय. ही तबकडी पंचेचाळीसवर लावायची असते.”

मला तबकड्यांतलं फार कळत नाही. तिनं समजावलं. मोठी तबकडी मिनिटाला तेहतीस वेळा फिरते, छोटी पंचेचाळीस वेळा. आम्ही सगळे असंच शिकलो. पण नळाची तबकडी मोठी असूनही पंचेचाळीसची होती, आणि लेबलावर तसं लिहिलेलं नव्हतं, कारण लेबलावर काहीच लिहिलेलं नव्हतं. विल्फनं मोठी तबकडी पाहिली आणि यंत्राचा खटका तेहतीसवर ठेवला. तेरा वर्षं तो खटका तिथेच होता. म्हणून जाड आवाजाचा दुसरा गायक. म्हणून अख्खी पट्टी खाली, आणि तीही सुरावर नेमकी न बसता केसभर उतरलेली.

“त्यांना तुम्हीच सांगा, मिस,” जनीन म्हणाली. “मी सांगितलं तर ते मला काठी फेकून मारतील. आणि नाही सांगितलं आणि रसेल आला, तर तो पहिल्या ओळीला हसेल. मुद्दाम नाही. पण हसू येईलच हो. मलाच काल आलं.”

मी दुपारी पलीकडे गेले. वर्गातल्या मुलाला उत्तर चुकल्याचं सांगायची माझी एक पद्धत होती: उत्तर सांगायचं नाही, पुन्हा एकदा करून बघ म्हणायचं. मी म्हटलं, विल्फ, नळाची तबकडी लावा, आणि खटका पंचेचाळीसवर करा.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला, खटका सरकवला, सुई ठेवली.

खोलीत एकदम पोरं शिरल्यासारखं झालं. यंत्राचा ढोल धावत होता, वरची वाद्यं टिचक्या मारल्यासारखी वाजत होती, आणि गाणारा पहिल्या दोन तबकड्यांतलाच किडकिडीत आवाजाचा पोरगा होता. विल्फनं खिशातला काटा काढून गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. सबंध बाजू संपेपर्यंत तो तसाच उभा होता.

“सुरात आहेत,” तो म्हणाला. “पहिल्यापासून सुरात होते.” काटा खिशात ठेवत म्हणाला, “मी गावभर सांगत फिरलो की यांना वाद्यं जुळवता येत नाहीत.”

मग खाली बसला. मी चहा केला, त्यानं घेतला नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. धून रद्द करायची. गुरुवारी सगळ्यांचे कागद गोळा करायचे. नव्यानं भरभर बसवायला वेळ नाही, आणि बसवली तरी ती त्याची नसेल. ते भरभर गाणं त्याला ठाऊकच नव्हतं. “पोराचं ऐकलंय म्हणून त्याला दाखवायला निघालो होतो,” तो म्हणाला, “आणि ऐकलं ते असं.”

मी कप विसळायला घेतले. एखाद्याला स्वतःचं गणित तपासू द्यावं लागतं.

मग तो उठला आणि घड्याळामागचं कार्ड काढलं. चष्म्यातून नंबर वाचला, एकेक आकडा दाबला. मी निघायला लागले तर हातानं खुणावलं, बसा.

“रसेल, मी बोलतोय.” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. “नाही, नाही, कुणाला काही झालं नाही. एक विचारायचं होतं. तुझी ती नळाची तबकडी आहे ना. ती किती वेगानं लावायची?”

 पलीकडून एक लहानसा आवाज आला.

“पंचेचाळीस,” विल्फ म्हणाला. “हो, आता कळलं. आज. मी तेहतीसवर लावत होतो. नाही, एकदा नाही. तेरा वर्षं. आणि बँडसाठी लिहिलीय तीही तशीच.”

मला वाटलं, आता तो हसेल. भिंतीपलीकडून मी या दोघांचं इतकं काही ऐकलं होतं, पण पलीकडचं हसणं ऐकायचं धैर्य मला नव्हतं. विल्फ रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभा होता. मग म्हणाला, “तुला ऐकायचंय? कसं लागतं ते?”

त्यानं खटका तेहतीसवर नेला, सुई ठेवली आणि रिसीव्हर स्पीकरपाशी धरला. जवळजवळ सात मिनिटं. हात दुखायला लागला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला. खालची ओळ हळूहळू चढली, म्हाताऱ्यासारखा तो जाड आवाज आला. बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, तेही हलमध्ये ऐकू गेलं असेल. गाणं संपलं तसा विल्फनं रिसीव्हर कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं, “बरं” म्हणाला आणि ठेवून दिला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“विचारलं, कोणत्या पट्टीत लिहिलंय.”

“मग? येणार आहे?”

“ते मी विचारलं नाही,” विल्फ म्हणाला. “पण हसला नाही, मिसेस के. आणि मधे ठेवूनही दिला नाही.”

गुरुवारी त्यानं कागद गोळा केले नाहीत. बँडला मात्र सगळं खरं सांगितलं, उभं राहून, एखादा गुन्हा कबूल करावा तसं. डेरेक म्हणाला, विल्फ, तू दुरुस्त केलेली बसही तेहतीसवरच चालायची. खोलीत इतका मोठा हशा पिकला की चर्चची राखणदारीण बघायला आली. मग विल्फनं काठी उचलली आणि म्हणाला, आहे तशीच वाजवायची, एक मात्रासुद्धा घाई नको.

कार्यक्रमाच्या शनिवारी हॉल भरला होता. माझ्या शेजारची खुर्ची मी पर्स ठेवून धरली होती. पहिला भाग झाला, चहा झाला, विल्फबद्दल भाषणं झाली, त्याला एक घड्याळ दिलं गेलं. खुर्ची रिकामीच. शेवटच्या धुनेसाठी विल्फ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. बँडमास्तराचं हे असंच असतं, सगळं गाव मागे बसलेलं, आणि कोण आलं, कोण नाही, हे त्याला एकट्यालाच दिसत नाही. मागे वळून बघायचा त्याला मोह झाला असणार. त्यानं कोटाची बाही सारखी केली आणि काठी उचलली.

खालची ओळ चढू लागली. दुसऱ्या कडव्याच्या आधी कॉर्नेट थांबतात, बऱ्याच मात्रा. त्या विश्रांतीत मागचं दार उघडलं. मी वळून पाहिलं. छत्तीस वर्षांचा, टक्कल पडू लागलेला रसेल दाराशीच उभा राहिला, पुढे आला नाही. अंगावर कामाचं जाकीट होतं. जनीननं युफोनियमवरून त्याला पाहिलं आणि तिचा एक सूर चुकला. सबंध संध्याकाळभरातला तेवढाच. विल्फची काठी त्या सुरावर किंचित थबकली. जनीन चुकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. मग त्याचा हात जरा खाली आला, आणि बँड आपोआपच पुढे वाजत राहिला.

रसेल हसला नाही. त्याचा उजवा हात जाकिटापाशी होता आणि बोटं एकेक करून मोजत होती, कॉर्नेटना पुन्हा केव्हा यायचं ते.

टाळ्या बराच वेळ चालल्या. लोक उठून खुर्च्या सरकवू लागले, विल्फ अजून कागद एकावर एक रचत होता, जणू त्यांचं काम आजच संपवायला हवं. रसेल कडेकडेनं पुढे गेला आणि मंचाच्या पायरीपाशी थांबला. मी पर्स उचलायच्या निमित्तानं जवळच होते.

“डॅड,” तो म्हणाला.

“आलास,” विल्फ म्हणाला. त्यानं कागद खाली ठेवले. “मग? कसं झालं?”

रसेलनं थोडा विचार केला. बाप जसा करायचा तसाच, डोकं एका बाजूला कलवून.

“दुसऱ्या कडव्याला घाई केलीत,” तो म्हणाला.

विल्फनं त्याच्याकडे बघितलं. मग कॉर्नेटचा कागद वर काढला, दोघांच्या मधे उघडला, आणि म्हणाला, “कुठे? दाखव.”